झाडू मशीन आणि प्लगची टोपी

बिलावर ‘पॉवर स्वीपर अटॅचमेंट’ असं छापलं होतं. आमच्या कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयात अठरा वर्षं झाडलोट करणाऱ्या आक्कांना मी ते वाचून दाखवलं, तर खोक्याकडं बघत म्हणाल्या, “स्वीपर तर मीच की. मग आता मी घरला बसतो म्हंजे.”

त्यांना घरी बसवायचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. विचार होता तो त्यांच्या कंबरेचा. आवार साधारण सात हजार चौरस फुटांचं, सगळं पेव्हर ब्लॉकचं, कडेला दोन रेन ट्री आणि फाटकाशी एक गुलमोहर. ही झाडं ज्यांच्या दारात आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. आंब्याचं पान खराट्याला सापडतं तरी; गुलमोहराची पानं म्हणजे नुसता कोंडा. ब्लॉकच्या फटीत बसला की एकेक फट खरडायची. त्यात लग्नसराईत रोजच्या अक्षता, फुलांच्या पाकळ्या, वरातीत उडवलेल्या चकचकीत कागदाच्या झिरमिळ्या. दोन बायका दोन तास वाकलेल्या असायच्या आणि दुपारी आक्का भिंतीला पाठ लावून बसायच्या, ते रोज दिसायचं.

लॉनसाठी ग्रास कटर आमच्याकडं आधीपासून होता, दांडा मधून सुटणारा. मागं इंजिन आणि हँडल, पुढचा अर्धा दांडा काढून तिथं दुसरं काही जोडता येतं. सगळ्या ग्रास कटरना हे जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांनाही त्या इंजिनाला चालेल म्हणून कंपनीनं सांगितलेलंच अटॅचमेंट लावायचं. झाडूचं अटॅचमेंट म्हणजे दांड्याच्या टोकाला गियर, गियरच्या दोन्ही अंगांना एकेक रूळ, आणि रुळांवर मडगार्डच्या रबरासारख्या जाड पट्ट्या. दोन्ही मिळून सुमारे दोन फूट रुंदी. इंजिन रेस केलं की रूळ फिरतात आणि पट्ट्या कचरा पुढं ढकलत नेतात. पानं उडवायचा ब्लोअर निराळा, तो नुसती हवा मारतो. ओला पाचोळा, चिखल, खडी असल्या गोष्टी हवेला दाद देत नाहीत; रबराला देतात.

दुकानदारानं दारातल्या रस्त्यावर मला शिकवलं. चोक ओढा, दोरी मारा, चोक सोडा, रेस द्या, चाला. पाच मिनिटांत शिकवणी संपली. खरंच तेवढंच आहे ते. चालवायला मी दहा मिनिटांत शिकलो. थांबवायला शिकायला लग्नाचे दोन सीझन गेले, आणि एका बोटाचं नख.

पेट्रोलपासून सांगतो, कारण पहिली चूक तिथंच झाली. हे टू-स्ट्रोक इंजिन. ज्यांनी लुना चालवली आहे त्यांना पंपावरची ऑइल घालायची बरणी आठवेल. इथंही तसंच, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत पन्नासाला एक असं प्रमाण दिलंय, म्हणजे एका लिटरला 20 मिली. मी पहिल्यांदा ‘जरा जास्त असलेलं बरं’ म्हणून अंदाजानं ओतलं. धूर झाला, प्लग काळा पडला आणि तिसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. कमी ओतलं असतं तर याहून महागात पडलं असतं, पिस्टन घासून जाम झाला असता. तेव्हापासून औषधाच्या मापानं मोजतो.

दुसरं म्हणजे साठवण. आता पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात हवेला पाण्याची काय कमी. आषाढात मुहूर्त संपले की मशीन चार महिने पडून राहायचं, टाकीत पेट्रोल तसंच. कार्तिकात काढलं तर कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ. आता शेवटच्या लग्नानंतर टाकी रिकामी करतो आणि नळीतलं संपून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवत नाही. आणि पाण्याच्या बाटलीत तर अजिबात नाही. स्टोअर रूममध्ये मी निळ्या टोपणाच्या बाटलीत ते ठेवलं होतं आणि वाढप्यांतल्या एका पोरानं तहान लागली म्हणून तोंडाला लावता लावता वासानं खाली ठेवली. त्या दिवशी संध्याकाळीच पेट्रोलचा लाल कॅन आणला.

कॅन जमिनीवर ठेवून भरायचं, इंजिन गार झाल्यावर भरायचं, आणि भरलं तिथंच सुरू करायचं नाही, तीन-चार मीटर लांब जाऊन करायचं. सायलेन्सर किती तापतो ते एकदा पोटरीला कळलं की हे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता दगडाची गोष्ट. रुळांच्या मागं, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला, प्लॅस्टिकचं एक रुंद कवच असतं. मागं येणारी खडी त्याला थडकते. ते कवच बघून मला वाटायचं, झालं, दगड उडायचा प्रश्न मिटला. पण ते कवच माझ्यासाठी आहे. पुढची बाजू सताड उघडी, आणि मशीनचं सगळं काम पुढंच फेकायचं. लॉनच्या कडेनं आम्ही बारीक खडी टाकलेली. एका सकाळी तिच्यातले चार दाणे ब्लॉकवर आले होते, मी पूर्ण रेसमध्ये त्यांच्यावर गेलो. टण्ण! पंधरा पावलांवर केटरर्सचा टेम्पो उभा होता, त्याच्या पत्र्यावर आवाज झाला. कानात बोळे घातलेले असूनही ऐकू आला. टेम्पोच्या फळीवर पाय सोडून ड्रायव्हर चहा पीत बसला होता. खडा त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर लागला होता. त्यानं पत्र्यावरचा पांढरा ठिपका पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं, आणि कप घेऊन शांतपणे टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुस्तिकेत 15 मीटरच्या आत कुणी नको असं लिहिलेलं होतं. लग्नाच्या कार्यालयात 15 मीटरच्या आत कुणी नाही असा क्षण शोधून काढावा लागतो. फुलवाला येतो, मंडपवाला येतो, आदल्या रात्री विसरलेला चष्मा शोधत नवरीचा काका येतो. शेवटी मी वेळ ठरवून घेतली आणि आक्कांना फाटकाशी उभं केलं. कुणी आत शिरायला लागलं की त्या हात वर करतात. त्यांनी हात वर केला की मी रेस सोडतो. कानात बोळे असताना हाक ऐकू येत नाही, त्यामुळं आमचं सगळं हातवाऱ्यांवर चालतं. दर दोन-तीन मिनिटांनी मान वर करून आक्कांकडं बघायची सवय मात्र मला लावून घ्यावी लागली.

आणि मशीन आपल्याकडंच येतं, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं. रूळ जमिनीवरचा कचरा पुढं ढकलतो, तेवढंच स्वतःला मागं ढकलतो. सपाट जागेवर ते जाणवत नाही. पण ड्रेनेजच्या झाकणाची कड, पायरी, उचकटलेला ब्लॉक आडवा आला की दांडा झटका देऊन थेट पायांकडं सरकतो. पहिल्या आठवड्यात मी चपलेवर चालवत होतो, हे लिहायलाही लाज वाटते. आता पुढं लोखंडी टोपी असलेले बूट, जाड पँट, खांद्यावर पट्टा, दोन्ही हात दोन मुठींवर. वर दाबायचं नाही; मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. दाबलं की पट्ट्या झिजतात, इंजिन गुदमरतं, आणि झटका बसला तर दुप्पट बसतो. अर्धी-पाऊण रेस, साधी चाल, रूळ किंचित तिरका म्हणजे कचरा एका अंगाला रांगेत पडतो. पूर्ण रेस देऊन काम लवकर होत नाही, कचरा लांब पसरतो एवढंच.

धुळीचं आक्कांनी सांगितलं. पहिले दोन दिवस मी रुमाल बांधून चालवलं. आवारावर धुळीचा असा पडदा उभा राहायचा की पलीकडची कमान दिसायची नाही. रात्री नाक शिंकरलं तर सिमेंटच्या रंगाचं. तिसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन बाहेर आलो तर आक्का बादली आणि तांब्या घेऊन आवारभर फिरत होत्या.

“आक्का, पाणी कशाला? चिखल होईल.”

“चिखुल हुतोय एवडं कोन मारतंय? सडा हाय. सडा मारल्याबिगार झाडतंय का कोन? तुमच्या आज्जीला इचारा.”

आजी आता नाही, पण ती अंगणात हेच करायची. सकाळी आधी सडा, मग झाडू, मग रांगोळी. मी ते पन्नास वर्षं पूजेचा भाग समजत आलो. ब्लॉक आणि त्यांच्या फटीतली वाळू झिजून जी बारीक धूळ होते तिच्यात सिलिका असते, आणि तिचे सगळ्यात बारीक कण, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, ते फुफ्फुसात खोल जाऊन बसतात ते निघत नाहीत. दगडखाणीत आणि घासकामात आयुष्य गेलेल्या माणसांना सिलिकोसिस होतो तो यामुळंच. रुमाल त्यांना अडवत नाही. एन-95 मास्क अडवतो, चेहऱ्याला घट्ट बसला असेल तर. दाढीवर बसवला तर कडेनं हवा आत येते. मी दाढी काढली. बायकोला वाटलं वय लपवतोय.

सड्याचं प्रमाण मात्र जमवावं लागतं. ब्लॉकचा रंग जेमतेम गडद व्हावा, पाणी साचू नये. जास्त झालं तर झिरमिळ्यांचे कागद ब्लॉकला असे चिकटतात की रबरही हरतं.

चष्मा सगळ्यात त्रासाचा. गॉगल लावून काम होत नाही, तो कडेनं उघडा असतो. बंद कडांचा पारदर्शक चष्मा लागतो आणि मास्कमधून येणाऱ्या श्वासानं तो धुरकट होतो. मास्कची नाकावरची पट्टी नीट दाबली की बराच कमी होतो. तरीही पावसाळी हवेत दर दहा मिनिटांनी थांबून पुसावाच लागतो. न पुसता अंदाजानं पुढं जायचा मोह होतो. मीही गेलोय, कुंडी फोडलीय.

आता नखाची गोष्ट.

मंडपवाले बांबू बांधायला बायंडिंग तार वापरतात आणि सोडताना तिचे तुकडे जिथल्या तिथं टाकतात. पौषात लग्नं नसतात, पण त्या वर्षी एक पुरस्कार सोहळा होता, दुसऱ्या दिवशी थंडीत मी झाडत होतो. अचानक नडगीवर काहीतरी सटासट लागायला लागलं. बघतो तर हातभर तार रुळात गुंडाळली गेलेली आणि तिचं मोकळं टोक चाबकासारखं फिरतंय. रेस सोडली. रूळ लगेच थांबत नाही, दोन-चार गिरक्या घेतो, तेवढं थांबलो. इंजिन टुकटुकत होतं. पुन्हा गार इंजिनाची दोरी मारायचा कंटाळा, म्हणून ते तसंच ठेवलं, पट्टा सोडला, दांडा जमिनीवर आडवा केला आणि वाकून तारेचं टोक उजव्या हातानं धरलं.

रूळ थांबलाय असं मला वाटलं होतं. तो थांबला नव्हता. थंडीत इंजिन सारखं बंद पडतं म्हणून आठवड्यापूर्वी मीच स्क्रू पिळून त्याची मंद चाल वाढवली होती. त्यामुळं रेस सोडल्यावरही रूळ गोगलगायीसारखा सरकत होता, इतका सावकाश की वाकून बघितलं तरच दिसावं. मी तार ओढली, तारेनं मला ओढलं. तर्जनीला एक वेढा बसला आणि हातमोजा पट्टी आणि कवचाच्या मधल्या फटीत जायला लागला. जोरात नाही, अगदी हळू. इंजिन बंद करायचं बटण हँडलवर, माझ्यापासून चार-साडेचार फूट लांब, डावा हात तिथवर पोचेना. मी हात मागं खेचला, मोजा ढिला होता म्हणून निसटला आणि बोट बाहेर आलं. नख अर्धं उभं राहिलेलं. मोजा अडकून रूळ थांबला आणि इंजिन आपलं टुकटुकतच होतं, काही झालंच नाही असं.

आक्का धावत आल्या. त्यांनी आधी माझ्या बोटाला पदर गुंडाळला आणि मग मशीनकडं बघून जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, नख पंधरा दिवसांनी गळून पडलं. नवं आलंय, पण त्यावर एक आडवी रेघ राहिली आहे.

मशीन उद्यमनगरात नेलं. तिथं फवारणी पंप, ग्रास कटर, चेन सॉ दुरुस्त करणारे एक मामा आहेत. त्यांनी मशीन टेबलावर न घेता बाहेर फरशीवर ठेवलं, सुरू केलं, रेस सोडली आणि रुळाकडं बोट दाखवलं.

“बघा, नाचतंय. रेस सोडली की हे गप पायजे. हितं क्लच हाय, येग वाढला की आतलं शू बाहीर फाकत्यात आन् डबा धरत्यात. तुमी मंद चालच एवडी वाडीवलीया की शू अर्धं फाकल्यालंच ऱ्हायतंय.”

“थंडीत बंद पडत होतं मामा.”

“मग फिल्टर धुवा, प्लग बगा. स्क्रू कशाला पिळला?” फिल्टर काढून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर आपटला. त्यातून जी धूळ निघाली तिच्यात झिरमिळीचा एक सोनेरी तुकडाही होता.

मग त्यांनी बटण दाबून इंजिन बंद केलं आणि विचारलं, “आता बंद हाय का चालू?”

“बंद.”

“बटान बगा.”

बटण स्वतःहून परत वर आलेलं होतं. माझ्या मशीनला ते दाबलं की ठिणगी तोडतं आणि सोडलं की पुन्हा जागेवर येतं, म्हणजे पुढच्या वेळी सुरू करताना विसरायला नको. याचा अर्थ असा की इंजिन थांबल्यावर ते पुन्हा दोरी ओढायच्या तयारीतच उभं असतं. मी रुळात हात घातलाय आणि मागून एखाद्या पोरानं गंमत म्हणून दोरी ओढली, तर ते सुरू होणार. लग्नघरात गंमत करणाऱ्या पोरांना तोटा नाही.

मामांनी प्लगवरची रबरी टोपी उपसून काढली आणि बाजूला वाकवून ठेवली. “ही काडली म्हंजे बंद. तवर चालूच समजायचं, मालक.”

तो हिशेब आजतागायत मी मोडलेला नाही. तार असो, दोरा असो, नुसती एक पट्टी उलटी झाली असो. बटण दाबायचं, रूळ पूर्ण थांबलेला डोळ्यांनी बघायचा, टोपी काढायची, मग हात. टोपी सायलेन्सरच्या शेजारी असते आणि तापलेली असते, त्यामुळं मोजा घालूनच. मोजे आता घट्ट बसणारे आहेत, मागच्या वेळी ढिल्या मोज्यानं वाचवलं ते नशीब, एरवी ढिला मोजाच आधी अडकतो. तार हातानं ओढायची नाही, पकडीनं तुकडे करून काढायची. रूळ आणि गियरच्या मधे तार राहून गेली तर आतलं सील कापतं आणि ग्रीस बाहेर येतं. ते माझं एकदा झालेलं आहे. आणि मशीन लावायच्या आधी आवारात एक फेरी, हातात बादली. तार, खिळे, नायलॉनचा दोरा, जाड लाकडं उचलायची.

या फेरीत आक्का माझ्या पुढं असतात, कारण त्यांना फटाके सापडतात. वरातीतल्या लडीतले न फुटलेले दाणे आणि अर्धवट वातीचे सुतळी बॉम्ब पाचोळ्यात मिसळलेले असतात. ते खराट्यानं गोळा होतात तेव्हा निदान शेजारी तापलेलं इंजिन आणि पेट्रोलची टाकी नसते. आक्का ते उचलून पाण्याच्या बादलीत टाकतात. होमाची राखही तशीच. वरून करडी, आत निखारा जिवंत. एकदा मी राखेवरून रूळ नेला आणि दोन लाल ठिपके गुलमोहराच्या वाळक्या शेंगांत जाऊन पडले. धूर दिसला म्हणून कळलं. आता राखेवर आदल्या रात्रीच पाणी मारायला सांगून ठेवलंय.

खालच्या पार्किंगमध्ये मशीन नेत नाही. तीन बाजूंनी भिंती, वर स्लॅब. एकदाच नेलं, दहा मिनिटांत डोकं चढलं. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो माणूस मारतो. तिथं खराटाच.

आवाजावरून शेजाऱ्यांशी झालं. सकाळी नऊच्या मुहूर्तासाठी मी साडेपाचला मशीन लावलं होतं. समोरचे काका गच्चीवर आले, हात जोडले आणि आत गेले. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे आणि वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, दिवसाची 55. लाउडस्पीकर दहाला बंद करा म्हणून आम्हीच वऱ्हाडाला हे नियम दाखवतो. माझ्या मशीनचा कानाजवळचा आवाज 95 च्या आसपास. 85 डेसिबलला आठ तास काम चालतं असं मानलं तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. 94 ला एक तास, 97 ला अर्धाच. बोळे न घालता मी पहिल्या आठवड्यात रोज दीड तास चालवत होतो, आणि रात्री पंखा बंद केला तरी कानात पंखा चालू असायचा. आता सातच्या आधी नाही, आणि वीस-वीस मिनिटांचे टप्पे. टप्प्यांचं दुसरं कारण हात. इंजिनाचा कंप मुठीतून मनगटात येतो. सलग चालवलं की नंतर चहाचा कप बशीत वाजतो.

रबराचे रूळ आणि ब्रशचे रूळ असे दोन प्रकार मिळतात. फटीतलं शेवाळ काढायला ब्रश चांगला म्हणून मी तोही घेतला. शेवाळ निघालं, त्याबरोबर फटीतली वाळूही निघाली आणि दोन महिन्यांत ब्लॉक डुगडुगायला लागले. ब्रश आता वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, आणि नंतर फटीत वाळू भरणं आलंच. पुराच्या गाळाला मात्र रबरच. आम्ही जयंती नाल्यापासून लांब नाही. 2019 ला आणि 2021 ला आवारात पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा देते, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या दोन्ही वर्षी मशीन नव्हतं, आणि असतं तरी वीतभर गाळाला ते पुरलं नसतं, तिथं फावडंच. पण नंतरच्या एका पावसात फाटकापुरतं पाणी येऊन गेलं आणि बोटभर गाळाची साय राहिली. ती ओली असतानाच रबरानं ढकलली, अर्ध्या तासात मोकळं झालं. एक दिवस थांबलो असतो तर तिचा पापुद्रा झाला असता, मग धूळ, आणि मग आठवडाभर सडा.

गेल्या महिन्यात आक्का म्हणाल्या, “मला एकदा बगूदे की चालवून.”

पदर रुळाजवळ नको म्हणून नाही म्हणणार होतो. दुसऱ्या दिवशी त्या नातवाची ट्रॅक पँट आणि मुलाचा फुल बाह्यांचा शर्ट घालून आल्या. बूट माझे, दोन मोज्यांवर. चष्मा, मास्क, बोळे चढवले, पट्टा त्यांच्या उंचीला आखडला. फाटकाशी हात वर करायला मी उभा राहिलो. त्यांनी कमानीपासून गुलमोहरापर्यंत एक पट्टा झाडला, वळल्या, परत आल्या. माझ्यापेक्षा सरळ. रेस सोडली, बटण दाबलं, रुळाकडं वाकून बघितलं आणि मी काही सांगायच्या आत टोपी उपसली.

मग पट्टा काढून मशीन माझ्या हातात दिलं, मुठी उघडझाप करत म्हणाल्या, “हात मुंग्या आल्यागत झाला बगा. ऱ्हाऊदे तुमालाच,” आणि भिंतीला टेकवलेला खराटा घेऊन पायरीच्या कोपऱ्याकडं गेल्या, जिथं मशीन पोचत नाही.